आवाज यंत्र देते, ऐकणे घर शिकवते

कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या लहान मुलांच्या पालकांसाठी

बाळाचा पाय अधू असला तर तो पहिल्या दिवशी सुईणीच्याही लक्षात येतो. कान अधू असला तर कोणाच्याच लक्षात येत नाही. बाळ रडते, हसते, हुंकार देते, आईकडे पाहून हातपाय झाडते. सारे अंग धडधाकट असते. वर्ष उलटते, दीड वर्ष उलटते, मूल बोलत नाही. मग घरात कोणी म्हणते, "याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता." कोणी म्हणते, "जीभ जड आहे, मध चाटवा." कोणी अंगारा आणते, कोणी ताईत बांधते. या साऱ्यात दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि पुढे कितीही पैसा ओतला तरी ती वर्षे परत मिळत नाहीत.

अलीकडे आपल्या वस्त्यांमध्येही कानामागे छोटे यंत्र आणि डोक्याला चिकटलेली चकती लावलेली मुले दिसू लागली आहेत. हे कॉक्लिअर इम्प्लांट. त्याबद्दल दोन गैरसमज आम्हाला वारंवार ऐकू येतात. पहिला, "ते श्रीमंतांचे काम, आपल्याला कुठले परवडायचे?" दुसरा, "ऑपरेशन झाले, आता पोर आपोआप बोलेल." दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्हींमुळे मुलांचे नुकसान होते. म्हणून या विषयाची सविस्तर माहिती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटले.

शंखात बसवलेली तार

आवाज कानात शिरतो, पडद्यावर आदळतो, तीन इवल्या हाडांमधून पुढे जातो आणि आतल्या कानातील शंखाच्या आकाराच्या नळीत पोहोचतो. या नळीला कॉक्लिआ म्हणतात. वाटाण्याएवढ्या या शंखात सुमारे १५,००० केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलल्या की विजेचे सूक्ष्म संदेश तयार होतात व श्रवणाच्या नसेतून मेंदूकडे जातात. जन्मतः कर्णबधिर असलेल्या बहुतेक मुलांमध्ये बिघाड असतो तो या केसपेशींत. त्यामागची नस बहुधा शाबूत असते. साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करून देते. पण ऐकणाऱ्या पेशीच उरल्या नसतील तर आवाज मोठा करून काय उपयोग?

इम्प्लांट या पेशींना वळसा घालते. कानामागचे यंत्र आवाज पकडते, त्याचे पृथक्करण करते आणि लोहचुंबकाने चिकटलेल्या चकतीतून तो संदेश कातडीखाली बसवलेल्या भागाकडे पाठवते. तेथून निघालेली बारीक तार शंखात सोडलेली असते. तिच्यावर बनावटीप्रमाणे १२ ते २२ विद्युत-टोके असतात. ती थेट नसेला संदेश देतात. शंखाच्या तोंडाशी बारीक, तीक्ष्ण आवाज समजतात आणि आतल्या टोकाशी जाड, घुमारदार आवाज. तारेवरची टोकेही त्याच क्रमाने काम करतात. १५,००० पेशींचे काम दोन डझनांहून कमी टोकांवर! म्हणजे मुलाला मिळणारा आवाज आपल्यासारखा नसतो, हे आधीच ओळखून असावे.

आतल्या भागाला बॅटरी नसते, आणि जन्मतःच शंखाचा आकार प्रौढाएवढा झालेला असतो. त्यामुळे मूल वाढले म्हणून तार बदलावी लागत नाही.

हे यंत्र एका दिवसात घडले नाही. पॅरिसमध्ये १९५७ साली जूर्नो आणि एरिएस यांनी श्रवणाच्या नसेला विजेने जागे करण्याचा प्रयोग केला. पुढे अमेरिकेत विल्यम हाऊस, व्हिएन्नात होखमायर पतिपत्नी आणि ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क यांनी तो पुढे नेला. क्लार्क यांचे वडील औषधांचे दुकान चालवीत आणि त्यांना कमी ऐकू येई. बहिरेपणाची अडचण मुलाने घरातच पाहिली होती. वळणावळणाच्या शंखात तार खोलवर कशी घालायची, हे कोडे त्यांना सुटत नव्हते. १९७७ साली समुद्रकिनारी बसले असता त्यांनी एका शिंपल्याच्या शंखात गवताची पात घालून पाहिली. टोकाला लवचिक व बुडाशी ताठ असलेली पात सहज आत गेली. १९७८ साली मेलबर्नमध्ये त्यांनी अनेक टोकांची तार एका प्रौढ रुग्णाच्या कानात बसवली.

लहान मुलांसाठी अमेरिकेत या यंत्राला १९९० साली परवानगी मिळाली, तीही दोन वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. २००० साली ही मर्यादा १२ महिन्यांवर आली आणि २०२० साली ९ महिन्यांवर. वय असे खाली का येत गेले? त्याचे उत्तर कानात नाही, मेंदूत आहे.

न वापरलेली पाऊलवाट

आईच्या पोटात साधारण २५ व्या आठवड्याच्या सुमारास बाळाला ऐकू येऊ लागते. म्हणजे ऐकणारे बाळ जन्मते तेव्हा आईच्या आवाजाशी त्याची तीन-चार महिन्यांची ओळख असते. त्यानंतर पहिले वर्षभर ते एक शब्दही न बोलता फक्त ऐकत असते. या ऐकण्यातून मेंदूत आवाजाच्या वाटा पडतात. कर्णबधिर बाळाच्या मेंदूत ही वाट तुडवलीच जात नाही. शेतातली पाऊलवाट वापरली नाही तर तिच्यावर गवत माजते. तसेच मेंदूतील ऐकण्याची जागा हळूहळू पाहण्याच्या व स्पर्शाच्या कामाला जुंपली जाते.

डॉ. अनु शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूतील लहरी मोजून २००२ साली याचा पुरावा मांडला. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचा मेंदू आवाजाला जो प्रतिसाद देत होता, तो साधारण सहा महिन्यांत त्यांच्या वयाच्या ऐकणाऱ्या मुलांसारखा झाला. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांत तो तसा झाला नाही. मोठेपणी इम्प्लांटचा काहीच लाभ होत नाही असे नव्हे. आवाजाची चाहूल लागते, ओठ वाचायला मदत होते. बोलणे शिकल्यानंतर ज्यांचे कान गेले त्यांना तर कोणत्याही वयात चांगला लाभ होतो. पण जन्मतः कर्णबधिर मुलाला ऐकून भाषा शिकायची असेल, तर पहिली तीन वर्षे सोन्याची आहेत.

बहिरेपण लपते कसे?

कर्णबधिर बाळही पहिले काही महिने 'आ', 'ऊ' असे आवाज काढते. त्यामुळे आई निर्धास्त राहते. पण सहा महिन्यांनंतर ऐकणारे बाळ 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ ओवू लागते. कर्णबधिर बाळ तेथे अडते. घरात लोक थाळी वाजवून पाहतात, बाळ वळते, आणि "ऐकतंय की!" म्हणून सारे मोकळे होतात. परंतु ते थाळीच्या आवाजाला वळले, की जमिनीच्या हादऱ्याला, की भिंतीवर हललेल्या सावलीला? टाळी वाजवणाऱ्या हाताचा वारासुद्धा बाळाला कळतो. म्हणून घरच्या परीक्षेवर विसंबू नये.

तपासण्या सोप्या आहेत आणि त्यात दुखत नाही. 'ओएई' या तपासणीत झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी बोंडी ठेवतात. 'बेरा' या तपासणीत डोक्याला तारा चिकटवून मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का ते पाहतात. जगभर मानलेला दंडक असा : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. आपल्याकडे प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाचणी होतेच असे नाही. म्हणून ती मागून घ्यावी. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याला जोराची कावीळ झाली असेल, काचेच्या पेटीत ठेवावे लागले असेल, गरोदरपणी आईला रुबेला झाला असेल किंवा बाळाला मेंदूज्वर होऊन गेला असेल, तर चाचणी टाळूच नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मूल कर्णबधिर निघाले की बोट आईकडे जाते. तिने ग्रहण पाहिले, तिने अमुक खाल्ले, तिच्या माहेरचा दोष, असे काहीबाही बोलले जाते. हे अज्ञान आहे. आनुवंशिक बहिरेपणात पुष्कळदा आई आणि वडील दोघेही नीट ऐकणारे असतात. दोघांकडून एकेक सदोष जनुक आला तरच मूल कर्णबधिर होते. दोष कोणाचाच नसतो. मात्र मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न केल्याने असे दोन जनुक एकत्र येण्याची शक्यता वाढते. ही चाल आपल्याकडे अजून टिकून आहे. तिचा विचार घराघरांत झाला पाहिजे.

'ऐकण्याचे वय' वेगळे मोजा

तपासण्यांत नस शाबूत आहे असे दिसले आणि काही महिने श्रवणयंत्र लावूनही पुरेसा लाभ झाला नाही, तर शस्त्रक्रियेचा निर्णय होतो. त्यापूर्वी मेंदूज्वर टाळण्यासाठी न्यूमोकॉकलची लस द्यावी लागते. ती चुकवू नये. जखम भरल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. तो दिवस मुलाच्या ऐकण्याचा जन्मदिवस!

त्या दिवशी मूल हसेल, टाळ्या पिटेल अशी पालकांची अपेक्षा असते. पुष्कळ मुले रडतात. काही एकदम गप्प होतात. काही जणू काहीच घडले नाही असे वागतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. आयुष्यात प्रथमच आलेली ही संवेदना आवाज आहे, हेच मुलाला माहीत नसते. शिवाय सुरुवातीला आवाजाची पातळी कमी ठेवून ती हळूहळू वाढवतात. या जुळवणीला 'मॅपिंग' म्हणतात. पहिल्या वर्षी ती वारंवार करावी लागते. गाडीभाडे आणि खाडा वाचवण्यासाठी मॅपिंग टाळणे म्हणजे बियाणे पेरून पाणी न देण्यासारखे आहे.

आता हिशेब असा करायचा. मूल तीन वर्षांचे आहे, पण यंत्र सुरू होऊन सहा महिने झाले, तर त्याच्या ऐकण्याचे वय सहा महिने. त्याची तुलना शेजारच्या तीन वर्षांच्या पोराशी करू नका. सहा महिन्यांच्या बाळाशी करा.

ऐकण्याची वाढ चार पायऱ्यांनी होते. पहिली, आवाज आहे की नाही हे कळणे. कुकरच्या शिट्टीला मूल थबकते, कडी वाजली की मान वर करते. दुसरी, दोन आवाजांतला फरक कळणे. तिसरी, आवाज कशाचा ते ओळखणे. ही आईची हाक, हा रिक्षाचा भोंगा. चौथी, अर्थ समजणे. "चप्पल कुठे आहे?" म्हटल्यावर न खुणावता दाराकडे जाणे. पहिली पायरी बहुधा काही आठवड्यांत येते. नावाला प्रतिसाद पुढच्या काही महिन्यांत येतो. पहिले शब्द साधारण वर्षाच्या आसपास आणि दोन शब्दांची जोडणी दुसऱ्या वर्षात. प्रत्येक मुलाची चाल निराळी असते. पण सहा महिने उलटूनही पहिलीच पायरी ओलांडली गेली नसेल तर स्वस्थ बसू नये. मॅपिंग, यंत्र आणि तार तिन्ही तपासून घ्यावीत.

प्रगतीची एक खूण फार बोलकी आहे. चकती निसटली की मूल ती स्वतः परत लावू पाहते किंवा आईकडे आणून देते. त्या दिवशी समजावे की आवाज त्याला हवासा झाला.

सहा आवाजांची रोजची कसोटी

यंत्र नीट चालते आहे की नाही, हे लहान मूल सांगू शकत नाही. त्यासाठी डॅनिएल लिंग या शिक्षणतज्ज्ञाने सहा आवाजांची कसोटी दिली : म, ऊ, आ, ई, श, स. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्याचा सारा पल्ला या सहांत येतो. सकाळी यंत्र लावल्यावर मुलाच्या मागे बसून, ओठ दिसणार नाहीत अशा रीतीने, एकेक आवाज साध्या स्वरात काढावा. आवाज आला की डब्यात एक मणी टाकायचा, असा खेळ मुलाला शिकवावा. मणी लहान मूल तोंडात घालते, तेव्हा खेळ संपला की डबा उचलून ठेवावा. काल 'स' ऐकला आणि आज ऐकला नाही, तर बॅटरी, तार, चकती पाहावी. दोन मिनिटांचे हे काम मुलाचा अख्खा दिवस वाचवते.

ऐकण्याला एवढे महत्त्व का? 'पाय', 'बाय' आणि 'माय' हे तीन शब्द आरशात पाहून म्हणा. ओठ सारखेच हलतात. 'पळ' आणि 'फळ' यांत फक्त श्वासाचा फरक. 'चिमणी'तला च वेगळा, 'चमचा'तला वेगळा. 'आईला', 'आईने', 'आईची' यांतला फरक तर शेवटच्या हलक्या अक्षरात दडलेला. या गोष्टी कानालाच कळतात. म्हणून यंत्र जागेपणी सर्व वेळ लावलेले असावे. अंघोळीला आणि झोपताना तेवढे काढावे. 'हरवेल', 'मोडेल' म्हणून यंत्र कपाटात जपून ठेवणारी घरे आहेत. यंत्र जपले जाते, पण मूल मागे राहते.

घर हीच शाळा

थेरपीचा वर्ग आठवड्यातून एक-दोन तासांचा. उरलेले सारे तास घराचे. अमेरिकेतील सहा केंद्रांत १८८ मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर इम्प्लांट झालेल्या मुलांची भाषा वेगाने वाढली. ज्या घरी आईवडिलांचा मुलाशी संवाद चांगला होता, तेथेही वाढ जलद झाली. आणि ज्या घरांची आर्थिक स्थिती बरी होती, तेथेही. हे वाचून कष्टकरी घरांनी हात टेकावेत काय? मुळीच नाही! उत्पन्न आपल्या हाती नसले तरी बोलणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी महागडी खेळणी नकोत. भाकरी थापताना "थाप, थाप, थाप" म्हणा. नळाला पाणी आले की "ऐक! पाणी आलं" म्हणून कानाकडे बोट न्या आणि मग नळ दाखवा. आधी कानाला, मग डोळ्याला, हा क्रम पाळा. मुलाच्या यंत्राच्या बाजूला, हातभर अंतरावर बसा. ओरडू नका. ओरडल्याने शब्द वेडावाकडा होतो. प्रश्न विचारलात की थांबा, मनात दहापर्यंत मोजा. मूल उत्तर जुळवत असते. "हे काय? म्हण! परत म्हण!" अशी परीक्षा घेत बसू नका. त्याने "पापा" म्हटले तर "हो, पाणी हवं, थंड पाणी" असे पुरे करून द्या.

एका खोलीचे घर, वर पंखा, शेजारी टीव्ही, मागे रेल्वे. गोंगाटात शब्द वेगळा काढणे हे इम्प्लांटचे सर्वांत दुबळे अंग आहे. म्हणून दिवसातला एक शांत तास निवडा. टीव्ही बंद करा. दाराला जाड पडदा किंवा दोरीवर गोधडी टाकली तरी घुमणे कमी होते.

कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात. आमचे उत्तर असे : जी भाषा तुमच्या तोंडी सहज येते तीच. घरात वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडी, अहिराणी असेल तर अहिराणी. आपल्या बोलीची लाज बाळगून मोडकी 'शुद्ध' मराठी किंवा तोडकी इंग्रजी बोललात, तर मुलाला दोन्हींतले काहीच भरभरून मिळणार नाही.

आणि हे काम एकट्या आईचे नव्हे. आई धुण्याभांड्याला जाते, तेव्हा आजीने बोलावे. बापाने कामावरून आल्यावर मुलाला मांडीवर घेऊन दिवसाची हकीकत सांगावी. बहीणभावंडे तर उत्तम शिक्षक!

पैसा आणि हक्क

इम्प्लांटचा खर्च लाखांत जातो हे खरे. परंतु केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांना ते मिळू शकते. या कामाची मुख्य संस्था मुंबईत, वांद्र्याला आहे : अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. ती १९८३ साली स्थापन झाली. योजनेला वयाची अट आहे. जन्मतः कर्णबधिर मुलांसाठी पाच वर्षांचा उंबरठा ध्यानात ठेवावा. उत्पन्नाचा दाखला, जन्मदाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे तयार ठेवावीत, म्हणजे कागदांपायी महिने जात नाहीत. अंगणवाडी आणि शाळांत येणारे 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'चे पथक मुलांचे कानही तपासते. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला.

शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्या : बाहेरच्या यंत्राची हमी किती वर्षांची? तार, चकती, बॅटरी कोठे मिळतात, किती रुपयांना? हमी संपल्यावर दुरुस्ती कोण करणार? यंत्र मिळाले आणि तारेच्या पैशांअभावी पडून राहिले, तर इतक्या खटाटोपाचा उपयोग काय?

मुलगी असेल तर "तिला कशाला एवढा खर्च?" असा सूर निघतो. तो घरात निघू देऊ नका. मुलाला जेवढे कान हवेत, तेवढेच मुलीलाही हवेत.

यंत्र काढले तरी ते आपलेच मूल

इम्प्लांटने बहिरेपण नाहीसे होत नाही. चकती काढली की मूल पुन्हा शांततेत जाते. काही मुलांची नस साथ देत नाही, काहींना उशीर झालेला असतो. अशा मुलांना खुणांची भाषा द्यावी. भारतीय सांकेतिक भाषा ही पुरी भाषा आहे. तिच्या अभ्यासासाठी २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र केंद्र निघाले आहे. ओठांची असो वा हातांची, भाषेवाचून मूल राहता कामा नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा प्रत्येक मुलाला इतरांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा शाळेत पुढचा बाक मागताना मान खाली घालू नका. आणि गल्लीत कोणी पोराला 'मुक्या' म्हणून हाक मारली, तर तेथल्या तेथे सांगा : त्याला नाव आहे, नावाने हाक मारा. ते नाव ऐकायलाच तर तो शिकतो आहे.

माता-पित्यांनो, बाळ हाकेला वळत नाही असे वाटले तर शेजारणीला विचारू नका, पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जा आणि म्हणा, "आमच्या बाळाचे कान तपासून द्या."